भिंगरीची रेघ

मी शालेय पुस्तकांसाठी चित्रं काढतो. फुलाचे भाग, बेडकाचं हृदय, पाणी उकळताना थर्मामीटर कुठे बुडवायचा ते. बाणाचं टोक नेमक्या जागी टेकलं पाहिजे, एवढीच त्यातली कला. खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडतं. पचनसंस्था काढताना कोणी मधे बोललं तर मी वसकन अंगावर जातो. मुलांशी माझं जमतं असं मला ओळखणारा कोणीही म्हणणार नाही.

तरी सुट्टीच्या दिवशी सकाळी माझ्या पुढच्या खोलीत इमारतीतली पोरं फरशीवर पालथी पडून चित्रं काढत असायची, आणि त्याला कारण माझी भाची. थोरल्या बहिणीची मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. ताई नर्स आहे, भावजी जहाजावर असतात, आणि आम्ही एकाच इमारतीत राहतो. ताई खाली, मी वर. ताईची ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची. त्यामुळे शाळा सुटली की भिंगरी माझ्या गळ्यात.

एकदा मी मूत्रपिंडात बुडालेलो असताना ती येऊन कानाशी कुरकुरली, "मामा, माझ्या पोटात कावळे ओरडतायत."

"किती आहेत ते काढून दाखव, मग बघू," मी म्हटलं. पाच मिनिटं शांतता मिळावी एवढाच हेतू.

तिने काढलं. एक ढेरपोट्या माणूस, त्याच्या पोटाला दोन फळ्यांची खिडकी, आणि खिडकीत दोन कावळे. एकाने गळ्यात रुमाल बांधलेला, दुसरा चमचा घेऊन खिडकीच्या कठड्यावर आपटतोय. माणूस खाली वाकून त्यांना म्हणतोय, "अहो, जरा हळू, बायको ऐकेल." मी इतका हसलो की चहा नाकातून आला. ताई खालून धावत वर आली, मला काहीतरी झालं असं वाटून.

मग तो खेळच झाला. आपण रोज जे बोलतो ते शब्दाला शब्द धरून, जसंच्या तसं काढायचं. कोणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलेला माणूस काढला, खाली चार जण शिडी धरून टाळ्या वाजवतायत. कोणाच्या तोंडचं पाणी पळालं, तर त्या पाण्याला पाय, पायात बूट, पाठीवर दप्तर. शेजारच्या काकू कान देऊन ऐकतात म्हणून एकीने चित्रात काकूंना दुकानात नेऊन कान काढून गल्ल्यावर ठेवायला लावला. काकूंनी तो कागद पाहिला आणि पुढे दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पोरं हसून हसून उचक्या देत.

सगळ्यांची चित्रं मजेदार होती, पण भिंगरीचं काहीतरी वेगळं होतं. तिची रेघ थरथरायची, भलतीकडे जायची, मधेच जाड व्हायची, पण त्या कावळ्याकडे पाहिलं की तो आता चमचा आपटणार असं वाटायचं. मी काढलेला कावळा कधी काही आपटणार नाही. त्याची पिसं बरोबर असतात.

हे मी माझ्या संपादकबाईंना बोलता बोलता सांगितलं. त्या उडाल्याच. "अहो, याचंच पुस्तक करू या. चित्रं तुमची, नाव तुमचं. कंटाळा नाही येत तुम्हाला बेडकांचा?"

मी आठवडाभर खपून नमुन्याची चित्रं केली. बाईंनी ती टेबलावर मांडून बराच वेळ पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली. "कावळा अगदी बरोबर आहे हो," त्या म्हणाल्या. "पण हसू येत नाही."

मला ते फार लागलं. माझ्या कामाला इतक्या वर्षांत कोणी चुकीचं म्हटलं नव्हतं, आणि बाईंनीही म्हटलं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी एकटाच होतो. माझ्या कामाच्या खोलीच्या खिडकीवर दुपारचं ऊन सरळ येतं. मी भिंगरीचा कागद काचेला चिकटपट्टीने लावला, त्यावर माझा चांगला कागद, आणि पेन घेऊन तिची रेघ गिरवली. जिथे थरथरली तिथे मीही थरथरलो, जिथे भरकटली तिथे तिच्यामागे गेलो. काच गरम झालेली, तळवा भाजत होता. गिरवताना मला एक विचित्र जाणीव झाली. पेनाला खालून कोणी ओढ देतंय, पतंगाच्या दोऱ्याला असते तशी. शेवटची रेघ पुरी केली आणि ती ओढ सुटली. ऊन लागलं असेल, असं म्हणून मी पाणी प्यायलो.

"आता कसं!" बाई फोनवर ओरडल्या. "अहो, इतके दिवस कुठे लपवून ठेवला होतात हा हात?"

मी फोन ठेवला. मुलांच्या चित्राखाली कुठे कोणाचं नाव असतं, असं मनाशी म्हटलं. त्याच जोरावर मांजरही गिरवून टाकली. ते चित्र असं: रस्त्यात एक माणूस खोळंबलाय, कारण मांजर आडवी जातेय, आणि ती खरोखरच आडवी, उशीवर डोकं ठेवून, खाली चाकं लावलेली. ती काकूंची मांजर होती, शेपटीचं टोक पांढरं, रोज दुपारी भिंगरीच्या मांडीवर झोपणारी. तीही बाईंना भयंकर आवडली.

पुढच्या सुट्टीला एका मुलीने फर्माईश केली, "भिंगरे, ते कावळेवालं परत काढ ना." भिंगरीने काढलं. ढेरपोट्या माणूस, पोटाला खिडकी. खिडकीत काही नाही.

"कावळे कुठायत?" मी विचारलं.

"काय कुठायत?"

"कावळे गं. कावळे."

ती माझ्याकडे बघून हसली. समोरच्याचं बोलणं कळलं नाही की आपण ओशाळं हसतो ना, तसं. मला वाटलं, फिरकी घेतेय. मामाला बनवायला ही पोरगी एका पायावर तयार असते.

त्याच संध्याकाळी ती माझ्या बाल्कनीत बिस्किट खात उभी होती. कठड्यावर कावळा येऊन बसला, तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. मान वाकडी करून त्याने दोनदा काव काव केलं. तिने मान वळवली नाही. मग तो उडी मारून पुढे आला आणि तिच्या बोटांतून बिस्किट खेचून उडून गेला. पंखाचा वारा लागून तिचे केस उडाले. भिंगरीने रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग कठड्यावरून खाली वाकून पाहिलं.

"मामा, बिस्किट पडलं," ती म्हणाली.

मी शास्त्राची चित्रं काढणारा माणूस. डोळ्यांत काही दोष असेल, असं मी ठरवलं. दोन दिवसांनी ती माझ्याकडे अभ्यास करत बसली असताना काकूंची मांजर येऊन सवयीने तिच्या मांडीवर चढली, गोल फिरून बसली, आणि भिंगरी रबर घ्यायला सरळ उठून उभी राहिली. मांजर पडताना तिच्या मनगटावर नखांचे ओरखडे उठले. रक्त आलं. मांजर पायाशीच गुरगुरत होती, आणि भिंगरी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवून बघत होती, कुठे खिळा आहे का.

ताईने तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. माझ्या बहिणीने आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी काढलीयेत, ती सहसा घाबरत नाही. त्या दिवशी मात्र ती माझ्या दारात आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "नजर उत्तम आहे म्हणाले. भिंतीवरची शेवटची ओळसुद्धा वाचली रे तिने. मग मांजर का दिसत नाही? मला एकच तर पोर आहे."

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. काय सांगणार होतो, हा प्रश्न नंतरचा. मी म्हटलं, "होईल गं ताई नीट. लक्ष नसतं तिचं."

ताई गेल्यावर मी बाईंकडे जाऊन कावळ्याचं आणि मांजरीचं चित्र मागून आणलं, थोडी दुरुस्ती करायचीय असं सांगून. घरी येऊन दोन्ही फाडली. भिंगरीला खिडकीशी नेलं. समोरच्या तारेवर कावळ्यांची रांग बसली होती, कलकलाट चालला होता. "काय दिसतंय?" मी विचारलं. "तार," ती म्हणाली. फाडून काही होत नव्हतं. बाईंकडे त्यांच्या प्रती होत्याच, त्यांचं काम अडलं नाही.

यापुढे मी जे केलं त्याला माझ्याकडे सबब नाही. मला खात्री करून घ्यायची होती. योगायोग असेल तर माझ्या मानेवरचं ओझं उतरणार होतं. आणि पुस्तकाला चित्रं हवी होती, हेही होतंच. भिंगरीच्या कागदांतून मी असं चित्र निवडलं ज्यात कोणी माणूस नाही, प्राणी नाही, काही बिघडणारच नाही. नाकावर राग. मोठं नाक, त्याच्या शेंड्यावर मिशीवाला एवढासा राग पाय हलवत बसलाय, हातात काठी. मी ते काचेवर लावलं. पुन्हा ती ओढ लागली, पुन्हा सुटली.

पुढच्या सुट्टीला एका मुलाने भिंगरीचा लाल खडू हिसकावून घेतला. एरवी तिने त्याला लोळवला असता. ती नुसती बघत राहिली. मग त्याने निळा घेतला, मग सगळा डबाच. भिंगरीने हात मांडीवर ठेवले आणि छान हसली. पोरांची गंमत हळूहळू बंद झाली. एकेक जण कागद गोळा करून घरी गेला.

"किती शहाणी झालीय रे अलीकडे!" ताई म्हणाली. "आदळआपट नाही, हट्ट नाही." तिला जरा बरं वाटत होतं. मी मान डोलावली. मला माझीच किळस आली.

मी भिंगरीला कामाच्या खोलीत नेलं. तिचा कागद काचेला लावला, माझा त्यावर. एकावर एक नाकं, एकावर एक मिश्या, केसभरही फरक नाही.

"हे मी तुझं चोरलंय," मी म्हटलं. "कळतंय का? तुझं काढलेलं माझं म्हणून दिलंय. पुस्तकावर माझं नाव येणार आहे. आणि त्याने तुझं काहीतरी जातंय."

तिने दोन्ही कागदांकडे पाहिलं. माझा हात धरला. "असू दे ना, मामा," ती म्हणाली. "तूही माझ्यासारखं काढतोस!"

तिने मला चावायला हवं होतं. तो राग मीच नेला होता.

मी बाईंना फोन करून सांगितलं की आता एकही चित्र देणार नाही. त्यांनी मला समजावलं, मग हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, मग सुनावलं. शेवटी म्हणाल्या, "बरं, आतलं जमवते मी. एवढं मुखपृष्ठ द्या. तुम्ही सांगितलं होतं ना, घर डोक्यावर घेतलेलं. ते पाहिल्याशिवाय मुलं पुस्तक उचलायची नाहीत."

ते भिंगरीचं सगळ्यांत चांगलं चित्र होतं. "घर डोक्यावर घेऊ नकोस," हे ताईचं दिवसातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य. म्हणून भिंगरीने घरच काढलं होतं, आपली आख्खी इमारत, आणि ती एका छोट्या मुलीच्या डोक्यावर. ताई खिडकीतून बाहेर झुकून ओरडतेय, मी बाल्कनीला लटकलोय, चष्मा एका कानावर. मुलगी जवळजवळ दिसत नाही, घराखाली गेलीय. खाली फक्त दोन पाय, वाकलेले पण नाचणारे, एक मोजा वर, एक घसरलेला, आणि घराला धरलेले दोन हात.

मी स्वतः काढायचं ठरवलं. इमारत छान जमली, सरळ रेघा मला येतात. ताई आणि मी ठीकठाक झालो. पाय जमेनात. मी ते पुन्हा पुन्हा काढले. गुडघ्याची वाटी बरोबर, घोट्याचं हाड बरोबर, आणि घर असं बसलेलं की त्या पायांनी ते कधीच उचललं नसेल. केराची टोपली भरून कागद बाहेर सांडले. आणि ऊन खिडकीवर आलं.

मी फार काळजी घेतली. ताईला हात लावणार नव्हतो. स्वतःला नाही, घराला नाही, नाहीतर पोर घराची वाट विसरायची. फक्त ते पाय आणि हात. पाय म्हणजे काय, मी मनाशी म्हटलं, पाय कोणाचेही असतात. ते पाय कोणाचे आहेत हा विचार आला नाही असं नाही. तो आला, आणि मी त्याला पुढे येऊ दिलं नाही.

या वेळची ओढ वेगळी होती. मी पेन धरलंच नव्हतं म्हणा ना. घसरलेला मोजा पुरा झाला तेव्हा ती सुटली नाही. थोडा वेळ तशीच राहिली, मग सैल पडली.

मुखपृष्ठ बाईंनी माणूस पाठवून लगेच नेलं.

भिंगरी शाळेतून आली. मी दारातच तिला पारखून घेतलं. "मामा," ती म्हणाली. म्हणजे मी दिसत होतो. "आई कुठे आहे?" मी विचारलं. "इस्पितळात," ती म्हणाली. पायऱ्या नीट चढून आली होती, चालत होती, पायांना काही झालं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. मी तिला जवळ घेतलं. तिने मिठी सोडवली नाही, धरलीही नाही.

मी बशीत बिस्किटं काढली. तिने ती माझ्यापुढे सरकवली.

"तुला नकोत?"

ती बघत राहिली, माझ्याकडे.

"अगं, भूक नाही लागली?"

"मामा, चहा सांडेल," ती म्हणाली. माझ्या हातातला कप वाकडा झाला होता.

तिच्या शाळेच्या बुटाची नाडी सुटून लोंबत होती. कोपराला खरचटलेलं, त्यावर माती. तिने ते पुसलं नव्हतं. समोरच्या आरशात आम्ही दोघं दिसत होतो. तिने आरशातल्या माझ्याकडे पाहिलं आणि नजर तिथेच थांबली, शेजारी गेली नाही.

मी दप्तर उघडून कागद काढला, पेन्सिल तिच्या हातात दिली. "काढ," मी म्हटलं. "काहीही काढ. आरशातली हीच काढ, भिंगरी काढ."

तिने पेन्सिल नीट कागदावर आडवी ठेवून दिली.

जिन्यावर ताईची पावलं वाजली. दार उघडंच होतं. ती खांद्यावरची पिशवी न उतरवता उंबऱ्यात उभी राहिली, दमलेली, हसरी.

"चल गं भिंगरे, घरी जाऊ."

भिंगरीने मान वर केली. आईकडे पाहून हसली. मग आई कोणाशी बोलतेय ते बघायला मागे वळली.

मागे भिंत होती.

"अगं, चल ना. पुरे आता सोंगं."

भिंगरी उठली. तिने पडद्यामागे पाहिलं. वाकून टेबलाखाली पाहिलं. ताईला हसू आलं, तिला वाटलं पोरगी पुन्हा पहिल्यासारखी मस्करी करतेय, कितीतरी दिवसांनी. ती माझ्याकडे वळली, मीही हसावं म्हणून. मला तिच्याकडे बघवेना.

भिंगरी आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा. मग तिचा आवाज, हळू, थोडा काळजीचा.

"भिंगरे... ए भिंगरे. कुठेयस गं? तुझी आई आलीय बघ."